भौतिकशास्त्र आणि विश्वरचनाशास्त्र: वस्तुनिष्ठ सत्य की रचलेली कथा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वाविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात ते सत्य मानायचे की कथा?

हा प्रश्न असा सरसकट विचारला तर सुटत नाही, कारण त्यात शास्त्रज्ञांचे सगळे म्हणणे एकाच तराजूत टाकलेले असते. चंद्र दरवर्षी पृथ्वीपासून सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो, हे चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर टाकून मोजलेले आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे, हे अनेक मोजमापे आणि एक सिद्धांत यांची सांगड घालून काढलेले आहे. पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगले, हे पुष्कळ संशोधकांना पटते, पण त्याचा निर्णायक पुरावा अजून हाती आलेला नाही. आपल्या विश्वासारखी असंख्य विश्वे आहेत, हे तर आज कोणालाच तपासता येत नाही. ही चारही विधाने एकाच ठशात छापली जातात आणि वाचकाची फसगत होते: कोणी कच्चे विधान पाहून पक्क्यावरही शंका घेतो, कोणी पक्क्याच्या भरवशावर कच्चेही गिळतो.

माझे म्हणणे असे आहे की हे ज्ञान माणसांनी माणसांच्या भाषेत मांडलेले असले, तरी त्याच्यावर निसर्गाचा नकाराधिकार चालतो. ज्या विधानाबाबत तो अधिकार बजावण्याची संधी निसर्गाला जितक्या वेगवेगळ्या वाटांनी दिली गेली आणि तरीही नकार आला नाही, तितके ते विधान पक्के समजावे.

‘कथा’ म्हटले म्हणून बिघडले कुठे? सृष्टीच्या उत्पत्तीची कथा तर प्रत्येक संस्कृतीने सांगितली आहे.

सांगितली आहे, आणि त्यांतल्या काही अत्यंत गंभीर आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त तर उत्तर देण्याऐवजी शेवटी प्रश्नच शिल्लक ठेवते, आणि तो प्रामाणिकपणा मला आजही थक्क करतो. महास्फोटाचे (‘बिग बँग’चे) वर्णनही आपण ‘आधी हे झाले, मग ते झाले’ अशा कथेच्या चालीनेच करतो, कारण घडामोडी सांगण्याची दुसरी रीत माणसापाशी नाही.

फरक पडतो तो कथा ऐकून झाल्यावर. ती मनाला भिडली की तिचे काम होते, तिच्यातल्या आकड्यांचा हिशोब कोणी मागत नाही. महास्फोटाच्या सिद्धांताला मात्र पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम तयार झाला याचा आकडा द्यावा लागतो. तो आकडा वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के येतो आणि जुन्या, फारशी भेसळ न झालेल्या वायूच्या वर्णपटांतही तेवढाच हेलियम सापडतो. त्याच गणितातून लिथियमचा आकडा मात्र जुन्या ताऱ्यांत दिसणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे तिप्पट येतो. ही विसंगती अनेक वर्षे सुटलेली नाही आणि कोणी ती लपवतही नाही. कथेत अशी नको असलेली तिप्पट कोणी शिल्लक ठेवत नाही.

पण निरीक्षण आणि सिद्धांत जुळले नाहीत, तर शास्त्रज्ञ नवीच वस्तू कल्पून वेळ मारून नेतात, असे दिसत नाही का?

दिसते, आणि या आक्षेपाला उत्तर द्यायला एकाच माणसाच्या दोन गोष्टी पुरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरेनस हा ग्रह न्यूटनच्या नियमांनुसार जिथे असायला हवा तिथे नसे. फ्रान्सचे गणिती ल व्हेरिए यांनी असे मानले की त्याच्या पलीकडे एक न दिसलेला ग्रह असून तो युरेनसला ओढतो आहे. त्या ग्रहाची जागा त्यांनी कागदावर काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्राने कळवली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी पत्र पोहोचले आणि त्याच रात्री योहान गाल यांना सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

मग त्याच गणितज्ञाने बुध ग्रह हाती घेतला. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकत असतो. बाकीच्या ग्रहांच्या ओढीचा हिशोब वजा केला तरी शतकाला काही विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकणे उरत होते. पुढे अधिक काटेकोरपणे मोजलेले हे उरलेले सरकणे शतकाला ४३ विकला एवढे आहे, म्हणजे एका अंशाचा ऐंशीवा भागही नव्हे. ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये पुन्हा तीच युक्ती लावली आणि सूर्य व बुध यांच्यामध्ये न दिसलेले काहीतरी आहे असे सुचवले. त्याच वर्षी ऑर्जेर या गावातले डॉक्टर लेस्कार्बो यांनी त्यांना कळवले की मार्चमध्ये आपण सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिला आहे. ल व्हेरिए स्वतः त्या गावी गेले, डॉक्टरांची उलटतपासणी केली, त्यांची लहान दुर्बीण आणि वेळ मोजायचा लंबक पाहिला, लाकडी फळीवर मांडलेली आकडेमोड पाहिली आणि त्यांची खात्री पटली. ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळाले. त्यानंतर कित्येक दशके सूर्यग्रहणांत त्याचा शोध घेतला गेला, मधूनमधून तो दिसल्याचे दावेही झाले, पण शोध घेणाऱ्या प्रत्येकाला त्याच जागी पुन्हा दिसेल असा ग्रह कधीच मिळाला नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या आपल्या नव्या सिद्धांतातून बुधाचे गणित केले. कुठलाही नवा ग्रह न मानता आणि कुठलाही आकडा जुळवून न घेता उत्तर ४३ विकला आले. त्यानंतर काही दिवस आपण आनंदाने भान हरपून गेलो होतो, असे त्यांनी मित्र एरेनफेस्ट यांना पत्रात कळवले.

युक्ती एकच, माणूस एकच, आणि दुसऱ्या वेळी तर त्याच्या पाठीशी पहिल्या यशाची कीर्तीही होती. समाजमान्यता आणि प्रतिष्ठा यांवर ग्रह अस्तित्वात येत असते, तर व्हल्कन आज पाठ्यपुस्तकात असता.

मग कृष्णद्रव्य आणि कृष्ण ऊर्जा हे आजचे व्हल्कन नाहीत कशावरून?

हा या पानावरचा सर्वांत रास्त प्रश्न आहे. कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारे, केवळ गुरुत्वातून जाणवणारे द्रव्य, आणि कृष्ण ऊर्जा म्हणजे विश्वाच्या विस्ताराला वेग देणाऱ्या कारणाला दिलेले नाव. आजच्या प्रचलित प्रतिमानानुसार विश्वाच्या एकूण ऊर्जेत ओळखीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि कृष्ण ऊर्जा ६८ टक्के आहे. याचा अर्थ, ९५ टक्के भाग कशाचा बनला आहे ते आपल्याला ठाऊक नाही. पण दोन्ही नावे एका श्वासात घेणे बरोबर नाही, कारण दोघांच्या पुराव्याची जातकुळी वेगळी आहे.

कृष्णद्रव्याकडे अनेक स्वतंत्र वाटा जातात. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये एका दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले, आणि ते दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फार जास्त निघाले. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्पिल दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात हे दाखवले. शिवाय गुरुत्वामुळे प्रकाशाचे वाकणे आहे, आणि विश्वाच्या बालपणातल्या प्रारणावरची नक्षीही आहे. २००६ मध्ये तर एकमेकांतून आरपार गेलेल्या दोन दीर्घिकासमूहांचा अभ्यास झाला, त्यात तप्त वायू टकरीमुळे मागे रेंगाळलेला आणि गुरुत्वाचे केंद्र मात्र पुढे निघून गेलेले आढळले. याउलट मोर्डेहाई मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये गुरुत्वाचा नियमच बदलून पाहावा असे सुचवले. तो पर्याय एकेका दीर्घिकेसाठी विलक्षण चांगला चालतो, पण मोठ्या समूहांत अडखळतो. कृष्णद्रव्याचा कण मात्र दशकानुदशके शोधूनही प्रयोगशाळेत सापडलेला नाही. मला कृष्णद्रव्याची बाजू बरीच भक्कम वाटते, पण नेपच्यूनइतकी नक्कीच नाही.

कृष्ण ऊर्जेची गोष्ट निराळी आहे. १९९८ मध्ये दोन स्पर्धक गटांना दूरचे अतिनवतारे (स्फोट होऊन प्रचंड तेजाने झळकणारे तारे) अपेक्षेपेक्षा मंद दिसले आणि विश्वाचा विस्तार वेग घेत असल्याचे कळले. हा वेगवाढीचा शोध पक्का आहे. तिच्या कारणाला मात्र आपण केवळ नाव दिले आहे. डेसी या दीर्घिका-नकाशा प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निष्कर्षांत ही ऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत आहेत. ते टिकले, तर प्रचलित प्रतिमानात दुरुस्ती करावी लागेल.

शास्त्रज्ञही माणसेच आहेत. त्यांना हवे ते त्यांना दिसत नसेल का?

कधी कधी दिसते. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो हे मोजण्यासाठी दोन तुकड्या गेल्या होत्या, एक आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि एक ब्राझीलमधल्या सोब्राल इथे. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेशी विचलन १.७५ विकला हवे होते, तर न्यूटनच्या विचारसरणीने त्याच्या निम्मे. छायाचित्राच्या काचेवर हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा होता. सोब्रालच्या दोन दुर्बिणींपैकी एकीच्या काचांवरून सुमारे ०.९३ विकला, म्हणजे न्यूटनच्या बाजूचे उत्तर निघाले. उन्हाने आरसा तापून ताऱ्यांच्या प्रतिमा पसरट झाल्या, असे कारण देऊन ते उत्तर बाजूला ठेवण्यात आले. मोहिमेतले ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांना आइन्स्टाइन यांचा हा सापेक्षतेचा सिद्धांत मनापासून आवडत होता आणि ही आवड ते लपवत नसत, त्यामुळे ‘नको असलेला पुरावा दडपला’ असा आरोप पुढे वारंवार झाला.

काचा मात्र जपून ठेवलेल्या होत्या. १९७९ मध्ये त्या आधुनिक यंत्राने पुन्हा मोजल्या, तेव्हा बाजूला ठेवलेल्या काचांवरूनही सुमारे १.५५ विकला एवढे उत्तर आले. दूरच्या रेडिओस्रोतांवर केलेल्या नंतरच्या मोजमापांत तर सिद्धांत आणि निरीक्षण दहा हजारांत काही भागांपर्यंत जुळते. एडिंग्टन यांच्या मनात पूर्वग्रह होता की नव्हता, या प्रश्नावर आता सूर्याजवळच्या प्रकाशाचे काहीच अवलंबून राहिलेले नाही, आणि माझ्या मते वस्तुनिष्ठतेचा खरा अर्थ हाच आहे. ती एकट्या माणसाच्या स्वभावात सापडत नाही. जपलेल्या काचा, उघडी ठेवलेली पद्धत आणि साठ वर्षांनी पुन्हा मोजणारा अनोळखी माणूस, या सगळ्यांत मिळून ती असते.

चुका नेहमी इतक्या सुखाने निस्तरतात असेही नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेला इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार आजच्या मूल्यापेक्षा सुमारे ०.६ टक्क्याने कमी होता, कारण हवेच्या श्यानतेचे (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचे) चुकीचे मूल्य वापरले गेले होते. ही चूक उघडी पडायला जवळजवळ दोन दशके लागली, आणि ती पडली तीही स्फटिकांवर क्ष-किरण टाकणाऱ्या अगदी वेगळ्या वाटेने.

जुने सिद्धांत खोटे ठरले. मग आजचेही उद्या खोटेच ठरणार, नाही का?

न्यूटनचे गुरुत्व ‘खोटे ठरले’ असे आपण म्हणतो, पण अवकाशयानांच्या मार्गाचे बरेचसे गणित आजही त्याच्याच आधारे होते. जिथे वेग कमी आणि गुरुत्व सौम्य असते, तिथे आइन्स्टाइन यांची समीकरणे न्यूटनच्या समीकरणांत उतरतात, आणि ती तशी उतरलीच पाहिजेत, कारण तिथली निरीक्षणे काही बदललेली नाहीत.

तरीही आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. न्यूटनच्या जगात क्षणार्धात दूरवर पोहोचणारी ओढ होती, आइन्स्टाइन यांच्या जगात वक्र अवकाशकाल आहे. आकडे जवळजवळ तेच राहिले, पण ‘जग मुळात कशाचे बनले आहे’ याचे चित्र पार बदलले. प्रकाश ईथर नावाच्या माध्यमातून जातो असे मानून फ्रेनेल यांनी परावर्तनाची सूत्रे काढली. ईथर गेला, सूत्रे आजही शिकवली जातात. म्हणून राशींमधले संबंध बहुधा टिकतात आणि त्यांमागे कल्पिलेल्या वस्तू पडताळून घेत राहाव्या लागतात, असे मी मानतो. एका युगाची विचारचौकट जाऊन दुसरी येते हे थॉमस कुन यांचे निरीक्षण मोलाचे आहे. त्यावरून सगळ्या चौकटी सारख्याच, हा निष्कर्ष मात्र निघत नाही.

कल्पिलेल्या वस्तूवर विश्वास ठेवावा असा क्षण कधी येतो?

वेगवेगळ्या वाटा एकाच आकड्यावर येतात तेव्हा. १९०० च्या सुमारास अणू ही हिशोबाची सोय आहे, असे एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ म्हणत. जाँ पेरँ यांनी राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सोडून सूक्ष्मदर्शकाखाली एकेका उंचीवर किती कण तरंगतात ते मोजले आणि त्यावरून एका मोलमधील रेणूंची संख्या काढली. मग आकाशाच्या निळेपणावरून, किरणोत्सारातून निघणाऱ्या हेलियमवरून, तप्त वस्तूच्या प्रारणावरून मिळणाऱ्या त्याच संख्येशी तिची तुलना केली. सगळीकडे सुमारे ६ ते ७ वर २३ शून्ये. अणू नसते तर आकाशाचा निळा रंग आणि राळेचे कण यांनी एकमेकांशी संगनमत कशाला केले असते? ओस्टवाल्ड यांनी आपले मत जाहीरपणे बदलले.

विश्वरचनाशास्त्रात तर प्रयोगच करता येत नाही. विश्व एकच, आणि तेही होऊन गेलेले.

विश्वाची दुसरी प्रत नाही ही मर्यादा खरी आहे. ‘असे विश्व असण्याची शक्यता किती’ यासारख्या प्रश्नांची उत्तरे म्हणूनच अधांतरी राहतात. भूतकाळ मात्र पुसला गेलेला नाही. दूरचा प्रकाश उशिरा पोहोचतो, त्यामुळे दूर पाहणे हे मागे पाहणे असते.

राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हरमन यांनी १९४८ मध्ये असे गणित मांडले की विश्व एके काळी दाट आणि तप्त असेल, तर त्या उष्णतेचा थंडावलेला अवशेष आजही सुमारे ५ केल्विन तापमानाच्या प्रारणाच्या रूपात सर्वत्र असला पाहिजे. १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकेतल्या संशोधकांना त्यांच्या अँटेनात सर्व दिशांनी येणारी एक खरखर ऐकू आली. त्यांनी आत घरटे केलेली कबुतरे हुसकली, त्यांची घाण साफ केली, तरी खरखर गेली नाही. ती खरखर म्हणजे हेच अवशेष प्रारण होते. पुढे कोबे या उपग्रहाने या प्रारणाचा वर्णपट मोजला. १९९० मध्ये दाखवलेल्या त्या आलेखातले सगळे बिंदू सैद्धांतिक वक्रावर चपखल बसले होते. हे तापमान २.७२५ केल्विन आहे.

मला स्वतःला याहून अधिक भावते ते नंतरचे एक मोजमाप. विस्ताराची कल्पना बरोबर असेल तर पूर्वी हे प्रारण अधिक उष्ण असायला हवे, आणि किती उष्ण ते नेमके सांगता येते. २००० साली पुण्याच्या आयुका संस्थेतले श्रीआनंद आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी २.३४ ताम्रसृती (विस्तारामुळे प्रकाश तांबड्या बाजूला किती सरकला याचे माप) असलेल्या एका वायूच्या ढगाचा वर्णपट तपासला. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होते. ढगातल्या कार्बनचे अणू कोणत्या ऊर्जापातळ्यांवर होते, यावरून ते त्या वेळी किती उष्ण प्रारणात न्हात होते हे कळते. सिद्धांत ९.१ केल्विन सांगत होता, मोजमापातून ६ ते १४ केल्विन ही कक्षा निघाली. अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या ढगात अशा रीतीने तापमापी ठेवता येतो.

प्रस्थापित सिद्धांताला विरोध करणाऱ्यांना दाबले जाते का?

त्यांची वाट खडतर होते, हे खरे. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला, त्यानुसार विश्वाला आरंभच नव्हता. ‘बिग बँग’ हे नाव तर हॉईल यांनीच १९४९ मध्ये नभोवाणीवर वापरले. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्या विचाराची सुधारित मांडणी केली. रेडिओस्रोतांची गणती आणि वर सांगितलेले सर्वत्र पसरलेले अवशेष प्रारण यांच्यापुढे मूळ सिद्धांत टिकला नाही, आणि सुधारित मांडणीही बहुतेकांना पटली नाही. पण त्यांनी आकड्यांसह भाकिते केली, चुकीचे ठरण्याचा धोका पत्करला आणि प्रस्थापित मताला आपले पुरावे घासूनपुसून मांडायला लावले. असा विरोध आणि ‘सगळ्याच कथा आहेत’ असे म्हणून हात झटकणे, या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे.

क्वांटम सिद्धांताने तर ‘पाहणाऱ्यावाचून वास्तव नाही’ हे सिद्ध केले ना?

नाही. अलॅन अस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल ज्या प्रयोगांसाठी मिळाले, त्यांनी वास्तवाविषयीची एक विशिष्ट, साधीसरळ कल्पना बाद केली: प्रत्येक कणाचे गुणधर्म आधीच ठरलेले असतात आणि दूरच्या मोजमापाचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, ही ती कल्पना. मोजमाप म्हणजे यंत्राशी होणारी आंतरक्रिया, तिला पाहणाऱ्याच्या मनाची गरज नसते. समीकरणांचा अर्थ कसा लावायचा याबाबत मात्र बोर, बोम आणि एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञांचे मार्ग वेगळे आहेत, आणि आजवर करता आलेल्या प्रयोगांत ते सारखीच भाकिते देतात. या थराला कोणी ‘कथा’ म्हटले तर मी वाद घालणार नाही.

बहुविश्वांचे काय?

तपासण्याची वाट सापडेपर्यंत तो सुसंगत तर्क आहे, त्याहून अधिक काही नाही.

विश्वाच्या विस्ताराचा दर शास्त्रज्ञांनाच एकमताने सांगता येत नाही. मग विश्वास कसा ठेवावा?

प्लँक उपग्रहाच्या माहितीवरून, प्रचलित प्रतिमान गृहीत धरून, हा दर प्रत्येक मेगापार्सेक (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) अंतरामागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो. जवळचे तारे आणि अतिनवतारे यांच्यावरून थेट मोजणाऱ्या एका प्रमुख गटाला तो सुमारे ७३ मिळतो. दोघांनी सांगितलेल्या त्रुटी या फरकाच्या मानाने लहान आहेत, म्हणजे कुठेतरी मोजमाप चुकते आहे किंवा प्रतिमानात काही राहून गेले आहे.

असे पूर्वीही झाले आहे. हबल यांनी १९२९ मध्ये हाच दर सुमारे ५०० काढला होता. त्यावरून विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येई, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. विश्वापेक्षा पृथ्वी जुनी ही अडचण सर्वांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे उभी होती. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवले की अंतरे मोजण्यासाठी वापरलेल्या रूपविकारी ताऱ्यांचे (ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते अशा ताऱ्यांचे) दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दीर्घिकांची अंतरे एकदम दुप्पट झाली. आजचा ६७ आणि ७३ यांतला फरक कोणत्या बाजूने मिटेल हे मोजूनच कळेल.

काय दिसले तर तुम्ही स्वतः महास्फोटाचा सिद्धांत सोडाल?

दूरच्या ढगांतले प्रारण आजच्याइतकेच थंड आढळले तर सोडेन. विश्वाच्या वयापेक्षा निःसंशय जुने तारे एकामागून एक सापडले तर सोडेन. ज्या वायूत ताऱ्यांनी अजून काहीच मिसळलेले नाही अशा वायूत हेलियम जवळजवळ नसेल, तर त्याच दिवशी सोडेन.